अडुसष्ट गुंठ्यांचे गाव

खेळण्यातली आगगाडी रुळांवर नुसतीच गोल गोल फिरत राहिली, तर पाहणाऱ्याला पाचव्या फेरीला जांभई येते. त्यावर उपाय म्हणून रुळांच्या कडेने घरे, स्टेशन, झाडे, माणसे आणि जमल्यास एखादा डोंगर मांडतात. या सगळ्या मांडणीला लेआउट म्हणतात. पुण्यात कोथरूडचे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. लेआउट मांडणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला खऱ्या जगाची हुबेहूब नक्कल हवी असते; तिथे मालडब्यावरचा गंजसुद्धा बारीक ब्रशने मोजूनमापून चढवतात. दुसऱ्या पंथाला हवी असते ती १९५०च्या दशकात अमेरिकी घरांतून दिसणारी खेळण्यांची मांडणी, म्हणजे नकलेची नक्कल. या पंथात घर खऱ्या घरासारखे दिसले नाही तरी चालते. ते १९५५ सालच्या प्लॅस्टिकच्या घरासारखे दिसलेच पाहिजे. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या, अधिक कडव्या पंथाविषयी आहे.

पंथाचे मूळ पेनसिल्व्हेनियात आहे. तिथे वसलेले मोरेव्हियन ख्रिस्ती नाताळात येशूजन्माचा देखावा मांडत. घरगुती गणपतीच्या आराशीत एकदा कारंजे शिरले की पाठोपाठ विहीर, रहाट आणि बैलगाडी शिरते, तसे त्या देखाव्याचे झाले. गोठ्याशेजारी मेंढ्या आल्या, मेंढ्यांना कुंपण आले, कुंपणापलीकडे खेडे आले, आणि विसाव्या शतकात खेड्याभोवती विजेवर चालणारी गाडी आली. बेथलेहेमात रेल्वे कधी होती, हा प्रश्न कोणी विचारला नाही. १९२०-३०च्या दशकांत या खेड्यातली घरे जपानहून येत. ती पुठ्ठ्याची असत, छपरावर चमकीचा बर्फ असे आणि आत दिवा घालण्यासाठी मागच्या भिंतीला भोक असे. महायुद्ध सुरू झाले, जपानी माल बंद झाला आणि अमेरिकी नाताळात घरांची टंचाई निर्माण झाली.

गाडीची सोय मात्र आधीच झालेली होती. न्यूयॉर्कमध्ये १९०० साली सुरू झालेल्या लायनेल कंपनीची पहिली गाडी दुकानाच्या खिडकीत माल मिरवण्यासाठी केलेली होती. गिऱ्हाइके आत येऊन गाडीतला माल सोडून गाडीचीच किंमत विचारू लागली, असे सांगतात. युद्धानंतर लायनेलची गाडी नाताळच्या झाडाखाली जवळजवळ सक्तीची झाली. घरांची टंचाई दूर केली ती फिलाडेल्फियाच्या बाखमन ब्रदर्सने. १८३३ सालापासूनचा हा कारखाना आधी छत्र्यांच्या हस्तिदंती मुठी करी, मग कंगवे, मग चष्म्याच्या फ्रेमा. १९४०च्या दशकाच्या अखेरीस त्याने झाडाभोवती लावायचे प्लॅस्टिकचे पांढरे कुंपण काढले. कुंपण खपले, तेव्हा आत काहीतरी असावे असे वाटून घरे काढली. जगातल्या बहुतेक गावांत आधी घरे झाली आणि मग कुंपणावरून भांडणे. या गावात क्रम उलटा आहे. गावाचे नाव ठेवले प्लॅस्टिकव्हिल, यूएसए. ते नगरभवनाच्या दर्शनी भागावर ठळक अक्षरांत कोरलेले असे, त्यामुळे बांधकाम कशाचे आहे याबद्दल नागरिकांची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही.

आता मापे. अमेरिकी ‘ओ’ मापात खऱ्या वस्तूची अठ्ठेचाळीस पटींनी लहान प्रतिकृती करतात. सहा फुटी माणूस दीड इंचाचा होतो. रुळांमधले अंतर मात्र सव्वा इंच, असे फार आधीच ठरून गेलेले आहे. सव्वाला ४८ने गुणले की ६० इंच, म्हणजे पाच फूट येतात. खऱ्या अमेरिकी रुळांतले अंतर चार फूट साडेआठ इंच आहे. पाच फुटी रूळ त्या काळी होते ते सोव्हिएत संघात. शीतयुद्ध ऐन भरात होते, शेजाऱ्यापाजाऱ्यांत कम्युनिस्ट हुडकले जात होते, आणि घरोघरच्या दिवाणखान्यांत अमेरिकी गाड्या बिनदिक्कत रशियन मापाच्या रुळांवरून धावत होत्या. चौकशी समित्यांपर्यंत ही बाब पोचली नाही. शिवाय लायनेलच्या मार्गाला मधोमध तिसरा रूळ असतो. वीज त्यातून येते. खऱ्या रेल्वेत सहसा असा मधला रूळ नसतो. पहिल्या पंथाच्या डोळ्यांत तो कुसळासारखा सलतो आणि दुसऱ्या पंथाला तो नसला तर चुकल्यासारखे वाटते.

इमारतींचे माप याहून सोयीचे आहे. प्लॅस्टिकव्हिलच्या घरांची दारे ‘ओ’ मापाच्या माणसाला डोके वाकवून चालतील अशी आहेत. भिंती आणि छप्पर पाहावे तर ती ‘एस’ मापाच्या, म्हणजे चौसष्ट पटींनी लहान जगाच्या जवळची आहेत. त्या काळी ‘ओ’वाले लायनेलचे आणि ‘एस’वाले अमेरिकन फ्लायरचे, आणि दोघांत विस्तव जात नसे. बाखमनने एकच घर दोघांना विकले. ते दोघांनाही नीट बसत नसल्यामुळे पक्षपाताची तक्रार आली नाही. जाणकार मांडणी करताना मोठ्या इमारती पुढे, रुळांजवळ ठेवतात आणि लहान मागे, म्हणजे गाव लांबवर पसरल्याचा भास होतो. हा भास समोर उभे राहून पाहणाऱ्याला होतो. बाजूने पाहणाऱ्याला चर्चपेक्षा उंच टेलिफोन बूथ दिसतो.

त्यानंतर जागेचा प्रश्न. पारंपरिक लेआउट चार फूट बाय आठ फूट प्लायवुडवर मांडतात, कारण प्लायवुडचा तक्ता बाजारात त्याच मापाचा मिळतो. ४८ने गुणले तर ही जमीन १९२ फूट बाय ३८४ फूट होते. क्षेत्रफळ ७३,७२८ चौरस फूट, म्हणजे जेमतेम ६८ गुंठे. एवढ्या जमिनीत जी सोय बसवायची असते तिची यादी अशी: दोन उपनगरी स्टेशने, सिग्नलची केबिन, चर्च, शाळा, नगरभवन, बँक, पोस्ट, पोलीस चौकी, अग्निशामक केंद्र, रुग्णालय, सुपरमार्केट, डायनर, आइस्क्रीमचे दुकान, पेट्रोल पंप, मोटेल, गोठ्यासकट एक शेत, आणि विमानतळ. राहण्याची घरे उरलेल्या जागेत, म्हणजे साधारण चार. चार घरांच्या गावाला अग्निशामक केंद्र कशाला, असे विचारता येईल. पण घरे ज्या पदार्थाची आहेत तो पाहता ही एकच तरतूद दूरदृष्टीची म्हणावी लागेल.

रूळ ही या गावाची हद्द असते, आणि रस्ते, चौक, शेत, सगळे त्या हद्दीच्या आत कोंबावे लागते. लायनेलच्या साध्या रुळांचे वर्तुळ २७ इंच व्यासाचे असते. खऱ्या मापात त्याची त्रिज्या सुमारे ५४ फूट येते. एवढ्या वळणापुढे रस्त्यातली ट्रामसुद्धा वेग कमी करील. शिकागो ते लॉस एंजेलिस धावणाऱ्या सांता फे रेल्वेच्या लाल-चंदेरी डिझेल इंजिनाची प्रतिकृती लायनेलने १९४८ मध्ये काढली आणि ती तुफान खपली. वाळवंट ओलांडायला घडवलेले हे इंजिन चार घरांच्या गावाला घिरट्या घालते आणि शेवटचा डबा वळणातून निघेपर्यंत पुढच्या वळणात शिरते. गाडी लांब असेल तर ती एकाच वेळी दोन्ही स्टेशनांत उभी राहू शकते. प्रवाशांच्या दृष्टीने याहून चांगली रेल्वेसेवा संभवत नाही. गाडी सुटली तरी दहा-बारा सेकंदांत तीच परत येते.

नियोजन झाले की जोडणी. प्लॅस्टिकव्हिलचा मोठा गुण म्हणजे इमारत डिंकाशिवाय उभी राहते; भिंतीच्या कडेची जीभ शेजारच्या भिंतीच्या खाचेत दाबली की ‘टक्’ असा आवाज होतो आणि कोपरा तयार होतो. केप कॉड धाटणीच्या लहान घराला चार भिंती, छप्पर आणि चिमणी एवढेच भाग आहेत. पहिला कोपरा टक् करून बसतो. दुसराही बसतो. तिसरी भिंत बसवताना पहिला कोपरा किंचित उघडतो, पण तसाच धरून ठेवता येतो. चौथी भिंत दोन्ही बाजूंनी एकदम बसवावी लागते; डाव्या हाताने डावा कोपरा आणि उजव्याने उजवा दाबला की मागचे दोन्ही कोपरे एकदम सुटतात, कारण त्यांना धरायला तिसरा हात नसतो. या घटकेला घरातल्या लहान मुलाला हाक मारतात. सत्तर वर्षांपूर्वी हे खेळणे मुलांसाठी होते आणि बाप मदतीला येई. आता उलट आहे. चौकट एकदाची उभी राहिली की छप्पर वरून दाबतात. ते फार जोरात दाबले तर जीभ मोडते, आणि हलक्या हाताने दाबले तर गाडी जवळून गेल्यावर उडते.

इमारती जुन्या बाजारातून घेतलेल्या असल्या तर जोडण्यापूर्वी धुवाव्या लागतात. पदार्थ पॉलिस्टायरीन असल्याने नियम कडक आहेत. पाणी कोमट असावे. उकळते घेतले तर भिंतीला बाक येतो आणि साधे घर आधुनिक वास्तुकलेचा नमुना होऊन बसते. साबण भांड्यांचा, सौम्य. घासायला दात घासण्याचा मऊ ब्रश, घरच्यांना सांगून घेतलेला. पाटीवर छापील अक्षरे असतील तिथे ब्रश लावायचा नाही, नाहीतर बँकेचे नाव जाते आणि पत जाते. चिकटपट्टीचे डाग काढण्यासाठी नेलपॉलिश काढायचे द्रव वापरण्याचा मोह टाळावा. त्यातल्या ॲसिटोनने डाग जातो, डागाखालची भिंत जाते, आणि हात लवकर मागे घेतला नाही तर शेजारची खिडकीही जाते. पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडले असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवण्याची एक पद्धत आहे. तिने काहींची घरे उजळतात. मात्र रंगाचा अस्सलपणा मानणारे कडवे लोक असे घर पाहून मान हलवतात. त्यांच्या मते पिवळेपणा ही इमारतीची कमाई आहे.

घरांना रंग देण्याचा प्रश्न पंथाने एका वाक्यात निकालात काढलेला आहे: द्यायचा नाही. मूळ घरांचा रंग प्लॅस्टिकमध्येच मिसळलेला होता. भिंत पांढरी तर आरपार पांढरी, छप्पर लाल तर आरपार लाल. विटांवर विटांचा रंग, लाकडावर लाकडाचा, आणि त्यावर पावसाचे ओघळ, हे पहिल्या पंथाचे काम. दुसऱ्या पंथात घराला चकाकी असावी लागते. एखाद्या हौशी मालकाने १९५८ साली खिडक्यांच्या चौकटी हिरव्या रंगवल्या असतील, तर पुढचे मालक सत्तर वर्षे त्या खरवडत बसतात.

दिव्यांचे प्रकरण नाजूक आहे. प्लॅस्टिकच्या पातळ भिंतींतून उजेड पाझरतो. आत दिवा लावला की खिडक्यांबरोबर भिंती, छप्पर, कोपऱ्यांच्या फटी, सगळेच उजळते आणि घरात सूर्य शिरल्यासारखे दिसते. त्यावर उपाय म्हणजे आतून काळा रंग देणे किंवा ॲल्युमिनियमचा कागद लावणे. पण १९५५ साली घरे अशीच उजळत होती, तेव्हा ती उजळलीच पाहिजेत, असा प्रतिपक्ष आहे. दोन्ही पक्षांचे एकमत एवढ्यावरच आहे की जुना तापणारा बल्ब वापरू नये. तो छपराच्या जवळ राहिला की छप्पर मऊ पडून मधोमध खचते. आता एलईडी आल्याने ही आपत्ती टळली आहे. एलईडीचा पांढरा उजेड काळाला धरून दिसत नाही म्हणून त्यावर पिवळा रंग चढवतात. जुना दिवा वाटावा म्हणून नव्या दिव्याला थोडे मळवणे हे पंथाच्या शिस्तीत बसते.

जमिनीसाठी पूर्वी हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा पिशवीतून विकत मिळे. प्लायवुडला हिरवा रंग द्यायचा, ओला असतानाच भुसा भुरभुरायचा आणि रंग वाळल्यावर उरलेला झटकायचा. हा भुसा पुढे कित्येक वर्षे इंजिनाच्या दातेरी चाकांत सापडत राहतो. आजकाल स्पंजाची बारीक पूड मिळते आणि ती खऱ्या गवतासारखी दिसते, हाच तिच्यावरचा आक्षेप आहे. तळ्यासाठी आरसा, बर्फासाठी कापूस, डोंगरासाठी जाळीवर प्लॅस्टर. आरशाचे तळे गावातला सर्वांत खरा भाग असते, कारण त्यात वाकून पाहिले की मांडणाऱ्याचे तोंड दिसते आणि त्याच्यामागे छताचा पंखा.

माणसे आणि मोटारी सर्वांत शेवटी. माणसे दीड इंचाच्या आसपास, ठरलेल्या उद्योगात गोठलेली. पिशवी घेतलेली बाई, शिट्टी फुंकणारा पोलीस, बाकावर बसण्यासाठी वाकवलेला पण बाक हरवल्यामुळे चौकात हवेत बसलेला गृहस्थ. मोटारींत माप चुकण्याला मोठा वाव आहे. त्रेचाळीस पटींनी लहान असलेली धातूची मोटार ‘ओ’च्या गाडीशेजारी शोभते, पण प्लॅस्टिकव्हिलच्या गॅरेजपुढे उभी केली की गॅरेजच मोटारीत ठेवता येईल असे वाटते. इंग्लंडमध्ये १९५३ पासून निघालेल्या मॅचबॉक्सच्या काही मोटारी बऱ्या बसतात. रुग्णालयाच्या एका संचात खाटा आणि इतर सामानही येत असे. ते मांडायचे, वर छप्पर लावायचे, आणि मग ते आहे हे पाहुण्यांना तोंडी सांगायचे.

गावात काहीतरी काम चालू आहे असे दिसण्यासाठी लायनेलची यंत्रे असतात. फाटकवाला १९३५ पासूनचा. गाडी जवळ आली की त्याच्या खोपटाचे दार उघडते, तो कंदील घेऊन बाहेर धावतो आणि गाडी गेली की आत जातो. गाडी दर दहा-बारा सेकंदांनी येत असल्यामुळे त्याला आत जाऊन दार लावण्यापलीकडे संसार उरलेला नाही. दुधाचा डबा १९४७चा: बटण दाबले की पांढऱ्या कपड्यातला माणूस दार ढकलून दुधाचे कॅन फलाटावर टाकतो. फलाट नीट लावलेला नसला तर तो ते तेवढ्याच तत्परतेने पोलीस चौकीवर टाकतो. गुरांच्या डब्याचे तंत्र वेगळे आहे. तिथे फलाट बारीक थरथरतो आणि गुरे पायाखालच्या रबरी केसांवर सरकत वाड्यात जातात. निदान पुस्तिकेत तसे म्हटले आहे. प्रत्यक्षात पहिले गुरू दारात आडवे थांबते, मागची त्याला ढुशी देत राहतात आणि सबंध कळप उलट्या तोंडाने डब्यात परततो. गावातला हा एकच प्रसंग दोन्ही पंथांना पूर्णपणे वास्तववादी वाटतो.

नाताळात या सगळ्याच्या मधोमध झाड उभे राहते. सहा फुटी झाड गावाच्या मापात २८८ फूट होते, आणि त्याचा बुंधा बहुधा नगरभवनाच्या अंगणातून वर येतो. त्या काळी झाडावर धातूच्या चकचकीत झिरमिळ्या सोडत. त्यांतली एखादी गळून मधल्या आणि बाहेरच्या रुळावर आडवी पडली की ठिणगी उडे, गाडी थांबे आणि ट्रान्सफॉर्मर गुरगुरू लागे. कुठली झिरमिळी पडली हे शोधण्यासाठी घरातला कर्ता पुरुष पोटावर आडवा होई आणि त्याच्या कोपराखाली मोटेल येई.

जानेवारीत गाव उतरवून प्रत्येक इमारत तिच्या मूळ पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतात. खोके फाटके असले तर किंमत पडते, म्हणून जपणूक इमारतीपेक्षा खोक्याची जास्त. नुसती रिकामी खोकीसुद्धा विकली जातात. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क येथे दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये जुन्या गाड्यांचा मोठा बाजार भरतो. तो भरवणारी संग्राहकांची संघटना १९५४ सालची आहे, आणि वस्तूची अवस्था सांगण्यासाठी तिने थेट ‘कोरी’पर्यंत प्रती ठरवून दिल्या आहेत. एकट्या प्लॅस्टिकव्हिलच्या संग्राहकांचीही वेगळी संघटना आहे. पांढऱ्या भिंतीचे घर तिथे कवडीमोल असते आणि तेच घर क्वचित काढलेल्या रंगात असले तर लोक त्यासाठी राज्य ओलांडून येतात. सर्वांत दुर्मिळ इमारतींत अर्धवट बांधलेले घर गणले जाते. कारखान्याने ते तसेच अपुरे म्हणून विकले होते, आणि पुऱ्या घरापेक्षा त्याला कितीतरी जास्त किंमत येते. बांधकाम व्यावसायिकांनी याची दखल घेण्यासारखी आहे.

खोक्यात भरताना सुटे भाग मोजून घेतात आणि काहीतरी कमी भरतेच. बहुधा चिमणी, नाहीतर गोठ्याच्या छपरावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा. असे भाग नव्याने ओतून विकणारे आहेत. चिमणी लावली की घर पुरे दिसते. पण ती चिमणी कडव्या संग्राहकाला फसवू शकत नाही. तो घर उचलतो, उलटे करतो, उजेडाकडे धरतो आणि भिंती खऱ्या प्लॅस्टिकच्या असून चिमणी मात्र खोट्या प्लॅस्टिकची आहे, असा निर्वाळा देऊन किंमत निम्मी करतो.